जर्मनीत इतके मायर कुठून आले?

१ मे २०२५ रोजी जर्मनीत आडनावांविषयीचा नवा कायदा अमलात आला. लग्नानंतर नवरा-बायकोने दोघांचीही आडनावे जोडून एकच दुहेरी आडनाव लावावे आणि तेच मुलांनाही द्यावे, अशी मुभा या कायद्याने दिली. या निमित्ताने जर्मन आडनावांची पुन्हा एकदा चर्चा झाली. ती वाचणाऱ्या मराठी माणसाला एक कोडे मात्र नेहमीच पडते. जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष फ्रांक-वाल्टर श्टाइनमायर, माजी मंत्री पेटर आल्टमायर, फुटबॉलचा जुना गोलरक्षक सेप मायर ही सगळी नावे ऐकताना ‘मायर’ हा एकच उच्चार कानावर पडतो. रोमन लिपीत पाहावे, तर तो सगळीकडे सारख्याच अक्षरांत लिहिलेला नसतो. ही एकाच कुळाची माणसे आहेत का? खरे स्पेलिंग कोणते? आणि एवढे मायर आले तरी कुठून?

या प्रश्नांचे उत्तर हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या शेतीव्यवस्थेत दडलेले आहे. पाटील, देशमुख, कुलकर्णी यांच्यात वाढलेल्या माणसाला ते समजायला फारसे जड जाऊ नये.

मायर म्हणजे कोण?

लॅटिन भाषेत ‘मायोर’ म्हणजे मोठा, वरचा, वडीलधारा. याच शब्दापासून फ्रेंच भाषेच्या वाटेने इंग्रजीतला ‘मेयर’, म्हणजे आपला महापौर, आला आणि सैन्यातला ‘मेजर’ही याच मुळाचा. जर्मन भाषेने हा शब्द मध्ययुगाच्या आरंभी उचलला आणि त्याला ‘मायर’ असे रूप दिले.

त्या काळी राजा, सरदार आणि मठ यांच्या जमिनी दूरदूर विखुरलेल्या असत. प्रत्येक भागात मालकाचा एक मुख्य वाडा असे आणि त्याला लागून मालकाची खाजगी शेती असे. भोवतालच्या लहान शेतकऱ्यांनी या शेतीवर ठरलेले दिवस वेठीने राबायचे आणि शिवाय धान्य, कोंबड्या, अंडी, डुकरे असा सारा भरायचा. मालक स्वतः तिथे राहत नसल्याने ही सगळी व्यवस्था पाहणारा माणूस लागे. वेठीला कोण आला, कोण आला नाही, हे बघणे, सारा गोळा करून वर पोहोचवणे आणि बारीकसारीक तंट्यांचा निवाडा करणे ही त्याची कामे होती. हा माणूस म्हणजे मायर.

या हुद्द्याकडे राजसत्ता कशी पाहत होती, याचा एक सुंदर पुरावा शिल्लक आहे. इसवी सन ८०० च्या सुमारास, आजच्या फ्रान्स-जर्मनीवर राज्य करणाऱ्या शार्लमेन या फ्रँक राजाच्या काळात, राजाच्या शेतवाड्यांच्या कारभारासाठी एक लॅटिन नियमावली लिहिली गेली. तिच्या सत्तर कलमांमध्ये मायर मंडळींसाठीही नियम आहेत. मायरकडे तेवढाच मुलूख द्यावा, जेवढा त्याला एका दिवसात फिरून पाहता येईल, असे एक कलम सांगते. दुसऱ्या कलमानुसार मायर बड्या लोकांमधून नेमू नयेत, मध्यम स्थितीतल्या विश्वासू माणसांमधून नेमावेत. ही भीती अनाठायी नव्हती. फ्रँक राजांच्या राजवाड्याचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यालाही ‘घरचा मायर’ असेच म्हणत, आणि अशाच एका कारभाऱ्याने, म्हणजे शार्लमेनचा बाप पेपिन याने, ७५१ मध्ये राजाला बाजूला सारून स्वतः गादी बळकावली होती. कारभारी मोठा झाला की काय होते, हे त्या घराण्याला स्वतःच्या इतिहासावरूनच ठाऊक होते. पेशव्यांचा इतिहास वाचलेल्या मराठी माणसाला याचे नवल वाटणार नाही.

हुद्द्याचे आडनाव कसे झाले?

आपल्याकडचा पाटील डोळ्यांपुढे आणा. गावचा सारा वसूल करणारा, गावाच्या वतीने सरकारदरबारी बोलणारा माणूस म्हणजे पाटील. पुढे पाटीलकी गेली, तरी घराला ‘पाटील’ हे नाव चिकटून राहिले. मायरचेही असेच झाले. दोघांमध्ये एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. पाटीलकी हे वंशपरंपरेचे वतन होते, तर मायर हा मुळात मालकाने नेमलेला नोकर होता आणि पुष्कळदा तो स्वतः स्वतंत्र प्रजाजनही नसे. हुद्दा आपल्या मुलाकडे जावा अशी मायरची धडपड असे आणि तो जाऊ नये अशी मालकाची. या ओढाताणीत बहुतेक ठिकाणी शेवटी मायर जिंकला.

बाराव्या-तेराव्या शतकात ही वाडा-पद्धत मोडत गेली. पैशाचा वापर वाढला, शहरे वाढली, आणि दूरच्या शेतीवर वेठीने माणसे राबवण्यापेक्षा जमीन खंडाने देणे मालकांना परवडू लागले. मुख्य वाडा आणि त्याची सगळ्यात चांगली जमीन बहुधा तिथल्या मायरलाच खंडाने मिळाली. कारभारी होता तो आता मोठे कूळ झाला. आजच्या लोअर सॅक्सनी भागात तर अशा कुळांच्या हक्कांना ‘मायर-हक्क’ असेच नाव पडले. तिथे ही शेती वाटून तिचे तुकडे करता येत नसत, ती एकाच वारसाकडे जाई. बाकीची भावंडे छोट्या झोपडीवजा घरांत, सुतारकी-लोहारकीत किंवा शहरात पोट भरायला गेली आणि जाताना नाव सोबत घेऊन गेली.

नेमक्या याच शतकांत जर्मन मुलखात आडनावांची गरज निर्माण झाली. तोपर्यंत माणसाला एकच नाव पुरत असे. पण हाइनरिश, योहानेस, कोनराड अशा मोजक्या नावांवर सगळ्यांची भिस्त असल्याने एकाच गल्लीत चार-चार हाइनरिश निघू लागले, आणि खरेदीखत कोणत्या हाइनरिशचे हे कारकुनाला लिहिता येईना. मग त्याने हाइनरिशपुढे ओळख जोडली. तो दळण दळणारा असेल तर म्युलर, लोहार असेल तर श्मिट, शिंपी असेल तर श्नायडर, आणि मायरच्या वाड्यावरचा असेल तर मायर. ऱ्हाइन नदीकाठच्या शहरांत ही पद्धत बाराव्या शतकापासून दिसते, खेड्यापाड्यांत ती रुजायला पुढची दोन-तीनशे वर्षे लागली, आणि उत्तर समुद्राकाठच्या फ्रिसलँडमध्ये तर नेपोलियनच्या राजवटीत, १८११ मध्ये, हुकूम काढून लोकांना कायमची आडनावे घ्यायला लावावी लागली.

मग सगळे मायर एका कुळाचे का?

मुळीच नाहीत, आणि ही गोष्ट आग्रहाने सांगायला हवी, कारण आडनाव सारखे म्हणजे रक्त एक, हा समज फार घट्ट आहे. महाराष्ट्रातले सगळे पाटील एकाच पूर्वजाचे वंशज आहेत असे आपण कधीच म्हणत नाही. गावोगाव पाटील होता, म्हणून पाटील हे आडनाव सर्वदूर दिसते. मायरचा हिशेबही हाच आहे. मालकाचे वाडे हजारो होते आणि प्रत्येक वाड्याला एक मायर होता. म्हणजे हे आडनाव हजारो ठिकाणी स्वतंत्रपणे उगवले. म्हणूनच ते आज जर्मनीतल्या सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांत बसते.

एवढेच नव्हे, तर एका मायर घराण्यातसुद्धा रक्ताची धार अखंड असेलच असे नाही. वेस्टफालिया आणि लिपे या वायव्येकडच्या भागांत आडनाव माणसाचे नसून शेतवाड्याचे असे. वाड्यावर मुलगी वारस असली आणि तिच्याशी लग्न करून एखादा तरुण तिथे राहायला आला, तर तोच वाड्याचे नाव लावू लागे, आणि त्याची मुले त्याच नावाने ओळखली जात. घरजावयाने सासऱ्याचे आडनाव लावावे, तसाच हा प्रकार, पण तिथे तो सर्रास चाले आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. वाड्यावरच्या गड्यालाही गावात ‘मायरकडचा’ म्हणत आणि कधीकधी तेच त्याच्या पुढच्या पिढ्यांचे आडनाव होऊन बसे. ‘मायर घराण्याचे कुलचिन्ह’ म्हणून छापील ढाली विकणारी दुकाने आहेत. त्या विकत घेण्याआधी हे सगळे ठाऊक असलेले बरे. कुलचिन्ह एखाद्या विशिष्ट घराण्याचे असते, ते आडनावाचे नसते.

उच्चार एक, स्पेलिंगे आठ

हा शब्द दोन जागी फुटतो. ‘आय’ हा स्वर जर्मनमध्ये चार प्रकारे लिहिता येतो: ई-आय, ई-वाय, ए-आय आणि ए-वाय. शेवटच्या ‘आर’च्या आधी ‘ई’ लिहायचा की गाळायचा, ही दुसरी जागा. चार दुणे आठ, आणि ही आठही रूपे जर्मन भाषक मुलखात आजही माणसे लावतात. म्हणून फोनवर नाव सांगताना तिथला माणूस नुसते ‘मायर’ म्हणून थांबत नाही. तो लगेच पुढे ‘मिट ए-उप्सिलॉन’ असे जोडतो, म्हणजे ‘ई-वायवाला मायर’. उप्सिलॉन हे तिथे ‘वाय’ या अक्षराचे नाव आहे आणि ‘ई’ या अक्षराला तिथे ‘ए’ म्हणतात.

ही विविधता निष्काळजीपणातून आली असे वाटण्याचा संभव आहे, पण तिच्यामागे एक व्यवस्था आहे आणि मला तीच या नावाच्या इतिहासातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. मध्ययुगाच्या अखेरीस जर्मन उच्चारात मोठा बदल झाला. लांब ‘ई’चा ‘आय’ झाला. त्यामुळे लेखनात दोन प्रकारचे ‘आय’ एकत्र आले. एक पूर्वापार चालत आलेला आणि दुसरा नव्याने तयार झालेला. उत्तरेकडच्या आणि मध्य जर्मनीच्या कारकुनांनी दोन्ही एकाच पद्धतीने, ई-आय असे लिहिले. बव्हेरिया, ऑस्ट्रिया आणि स्वाबिया या दक्षिणी भागांतल्या बोलींत मात्र हे दोन उच्चार वेगळेच राहिले, म्हणून तिथल्या कारकुनांनी जुन्यासाठी ए-आय किंवा ए-वाय आणि नव्यासाठी ई-आय असा भेद पाळला. ‘मायर’मधला स्वर जुना आहे. त्यामुळे दक्षिणेत तो ‘ए’ने लिहिला गेला आणि उत्तरेत ‘ई’ने. ‘आय’च्या जागी ‘वाय’ काढणे ही त्या काळच्या हस्ताक्षराची ऐट होती. शेवटचा ‘ई’ गाळणे हे बव्हेरिया, ऑस्ट्रिया आणि आता इटलीत असलेल्या दक्षिण टायरॉलचे वैशिष्ट्य.

आता काही ओळखीची माणसे या नकाशावर ठेवून पाहू. रासायनिक मूलद्रव्यांची आवर्ती मांडणी करणाऱ्यांपैकी एक, लोथार मायर, १८३० मध्ये उत्तर समुद्राजवळच्या फारेल गावी जन्मला. तो ई-वायवाला. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा विचार १८४२ मध्ये मांडणारा डॉक्टर रॉबर्ट मायर नैर्ऋत्येच्या हाइलब्रॉनचा. तो ए-वायवाला. उत्क्रांतीचा अभ्यासक अर्न्स्ट मायर १९०४ मध्ये बव्हेरियाच्या केम्प्टनमध्ये जन्मला. तोही ए-वायवाला, पण शेवटचा ‘ई’ गाळलेला. लोअर बव्हेरियातला सेप मायर ए-आयवाला. राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर लिपेमधल्या डेटमोल्डचे, म्हणून त्यांच्या नावात ई-आय. अपवादही आहेतच. कवी कोनराड फर्डिनांड मायर दक्षिणेकडे, झुरिकमध्ये जन्मला, तरी तो ई-वायवाला, कारण स्वित्झर्लंडच्या कारकुनांची वळणे बव्हेरियापेक्षा निराळी होती.

हे नुसते अंदाज नाहीत. जर्मन आडनावांच्या मोठ्या नकाशासंग्रहासाठी भाषाशास्त्रज्ञांनी २००५ सालच्या घरगुती टेलिफोनधारकांच्या नोंदी वापरल्या आणि प्रत्येक स्पेलिंग कुठे दाटलेले आहे ते नकाशावर उतरवले. दोन महायुद्धे आणि कोट्यवधी लोकांची विस्थापने होऊनही उत्तरेतला ई-वाय आणि दक्षिणेतला ए-आय, ए-वाय आजही स्पष्ट वेगळे दिसतात.

एकच स्पेलिंग ठरवून का टाकले नाही?

हा आक्षेप रास्त आहे, कारण जर्मन लोकांनी बाकीच्या भाषेची शिस्त बसवली. ‘असणे’ या अर्थाचा ‘झाइन’ हा शब्द पूर्वी ‘वाय’ने लिहीत, तो एकोणिसाव्या शतकात ‘आय’ने लिहू लागले, आणि १९०१ मध्ये बर्लिनच्या परिषदेत सगळ्या देशासाठी शुद्धलेखनाचे नियम ठरले. पण आडनावे तोपर्यंत कायद्याच्या कुलपात गेली होती. जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंदणी प्रशिया या सगळ्यात मोठ्या जर्मन राज्यात १८७४ मध्ये आणि संपूर्ण जर्मन साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून सुरू झाली. त्याआधी एकाच माणसाचे नाव बाप्तिस्म्याच्या वहीत एका प्रकारे आणि लग्नाच्या वहीत दुसऱ्या प्रकारे लिहिलेले सापडते, कारण पाद्री कानाने ऐकून लिहीत असे. त्या दिवसानंतर मात्र नोंदवहीत जे उतरले तेच नाव ठरले. आधार कार्डावर एक आणि दाखल्यावर दुसरे स्पेलिंग झाल्यावर काय मनस्ताप होतो, हे आपण जाणतोच. जर्मनीत तो प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी असा सुटला की चूक असो वा बरोबर, त्या क्षणीचे अक्षर कायमचे झाले. आज कायद्याच्या दृष्टीने ई-वाय मायर आणि ई-आय मायर ही दोन वेगळी आडनावे आहेत. आपल्या मर्जीने एकावरून दुसऱ्यावर जाता येत नाही, त्यासाठी सबळ कारण दाखवावे लागते.

श्टाइनमायर, निमायर, ओबरमायर

एकाच पंचक्रोशीत चार मायर झाले की नुसत्या ‘मायर’ने भागेना. मग पुढे खूण लावली गेली. वरच्या अंगाच्या वाड्याचा तो ओबरमायर, खालच्या अंगाचा तो नीडरमायर, ओढ्याकाठचा बाखमायर, चर्चजवळचा किर्शमायर आणि खडकाळ जागेचा श्टाइनमायर. आपल्याकडे वरची आळी, खालची आळी, मळ्यातले, वाड्यातले म्हणतात ना, तसेच हे. ‘नवा मायर’ दक्षिणेत नॉयमायर होतो आणि उत्तरेच्या बोलीत निमायर. ब्राझिलिया शहरातल्या भव्य सरकारी इमारती उभारणारा वास्तुशिल्पी ऑस्कर निमायर याचे आडनाव हेच. कोण्या उत्तर जर्मन खेड्यात नवीन वाडा मिळालेल्या शेतकऱ्याची ओळख अशी ब्राझीलच्या राजधानीवर कोरली गेली.

मायर हे ज्यू आडनाव नाही का?

आहेही आणि नाहीही. हिब्रू भाषेत ‘मेईर’ हे पुरुषाचे जुने नाव आहे. त्याचा अर्थ प्रकाश देणारा. जर्मन मुलखातल्या ज्यू समाजात ते मायर असे उच्चारले जाई. रॉथशील्ड पेढीच्या संस्थापकाचे नाव मायर आम्शेल होते, ते असेच, आडनाव नव्हे. मुलाने बापाचे नाव पुढे लावण्याची ज्यूंची रीत होती. पण ऑस्ट्रियात १७८७ मध्ये, नेपोलियनच्या साम्राज्यात १८०८ मध्ये आणि प्रशियात १८१२ मध्ये त्यांना पिढ्यानपिढ्या टिकणारे आडनाव घेणे भाग पडले. तेव्हा अनेकांनी बापाचे वा आज्याचे मायर हे नाव घेतले. ते आधीपासूनच शेजारच्या शेतकऱ्याचे आडनाव होते. दोन पूर्ण वेगळी मुळे अशी एका उच्चारात मिसळली.

म्हणून आडनावावरून धर्म ओळखू पाहणे चूक आहे, आणि याचा सर्वांत भीषण दाखला नाझी राजवटीनेच दिला. नावावरून ज्यू माणूस ओळखता येत नाही, हे तिच्या अधिकाऱ्यांच्या ध्यानात आले, तेव्हा ऑगस्ट १९३८ मध्ये हुकूम काढून, ज्यांची नावे सरकारी यादीत बसत नव्हती अशा ज्यू पुरुषांना ‘इस्राएल’ आणि स्त्रियांना ‘सारा’ हे जास्तीचे नाव लावणे सक्तीचे केले. शेजाऱ्यासारखेच नाव असलेल्या माणसाला वेगळे काढण्यासाठी एक अख्खा कायदा करावा लागला.

समुद्रापार

एकोणिसाव्या शतकात पन्नास लाखांहून अधिक जर्मन लोक अमेरिकेला गेले आणि त्यांच्याबरोबर मायरही गेले. तिथल्या इंग्रजी कानाला जसे ऐकू आले तसे ते लिहिले गेले. कुठे शेवटी ‘एस’ लागून मायर्स झाले. पेनसिल्व्हेनियात त्याआधीपासून वसलेल्या जर्मन वस्तीतल्या बोलीमुळे मॉयर झाले. पण अमेरिकेतला प्रत्येक मायर्स जर्मन असतो असे धरू नये, कारण इंग्रजीतही हे आडनाव स्वतंत्रपणे होते. हॉलीवूडच्या एका मोठ्या स्टुडिओच्या संस्थापकांपैकी लुई मायर हा रशियन साम्राज्यातून आलेल्या ज्यू कुटुंबातला होता आणि त्याच्या नावामागे हिब्रू ‘मेईर’ आहे, जर्मन शेतवाडा नाही. इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मेईर यांचा प्रवास तर उलट दिशेचा. लग्नानंतर त्या मायरसन झाल्या होत्या, म्हणजे ‘मायरचा मुलगा’ या अर्थाचे आडनाव, आणि १९५६ मध्ये परराष्ट्रमंत्री झाल्यावर त्यांनी ते हिब्रू वळणाचे करून ‘मेईर’ हे रूप घेतले.

आपल्या ओळखीच्या मायरचे मूळ शोधायचे तर

पुण्यातल्या जर्मन कंपन्यांत काम करणाऱ्यांना आणि जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींना हा प्रश्न कधीतरी पडतो, म्हणून एवढे सांगतो. स्पेलिंगवरून प्रदेशाचा अदमास येतो, घराण्याचा येत नाही. जोडनाव असेल, जसे श्टाइनमायर किंवा बाखमायर, तर त्याच्या पहिल्या भागावरून वाड्याची जागा कळते. खरी वाट मात्र गावातून जाते. १८७६ पर्यंत मागे जाता येते ते सरकारी नोंदवहीच्या आधारे, त्यामागे चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या वह्या, आणि त्यांच्याही मागे मठांची व सरदारांची सारावसुलीची दप्तरे. त्या दप्तरांत एखाद्या ओळीत अमुक वाड्याच्या मायरने इतके राय धान्य आणि इतकी कोंबडी भरली असे लिहिलेले सापडते. त्या ओळीत ‘मायर’ हा शब्द अजून आडनाव झालेला नसतो, तो फक्त त्या माणसाचे काम सांगत असतो.